वगळायच्या यादीची कैफियत

मित्रांनो, जेमतेम चाळीस ओळींची एक जुनी फाइल तुमच्याशी बोलते आहे. माझं नाव गिटइग्नोर. नावाआधी एक टिंब आहे, त्यामुळे फोल्डर उघडला तरी मी सहसा कोणाला दिसत नाही.

गिट म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं सामायिक कोठार. त्यात काय न्यायचं नाही, याची यादी म्हणजे मी. तीन टेबलांच्या एका कचेरीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ताईंनी मला लिहिलं. पासवर्डची फाइल, तात्पुरता कचरा, सगळं मी दाराशीच थोपवलं. "ही आहे म्हणून कोठार स्वच्छ आहे," ताई एकदा म्हणाल्या. तेवढंच कौतुक. पुढे सहा वर्षं जो तो घाईत यायचा, तळाशी एक ओळ टाकून जायचा. वरचं कोणी वाचत नसे. आणि ज्या फाइलींना मी अडवलं, त्या मला कशाला विचारतील?

कचेरीतली मशीनं सांभाळणाऱ्या दाढीवाल्याने अशीच एक ओळ टाकली. 'आवाज' नावाचा फोल्डर कुठेही दिसला तरी वगळायचा. चाचणीच्या जड ध्वनिफिती त्याला कोठारात नको होत्या.

मग ताईंच्या वडिलांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर त्यांचं बोलणं जाणार होतं. कचेरीत अशाच माणसांसाठी प्रोग्रॅम बनत होता. चित्रावर बोट ठेवलं की वाक्य ऐकू येतं. ताईंनी वडिलांच्याच आवाजात दोनशे वाक्यं भरून घेतली. "मी चिडलेलो नाही, माझा चेहराच असा आहे," हेसुद्धा. फोल्डरला नाव दिलं, आवाज.

मी तो अडवला. गिट गप्प राहिलं. वगळलेल्याबद्दल ते आपणहून बोलत नाही.

ऑपरेशननंतर आठवड्याने ताईंना नवं मशीन आलं.

"ताई, जुनं द्या. पुसून टाकतो," दाढीवाला म्हणाला.

"घे. सगळं कोठारात आहे."

दाढीवाल्याने आधी नव्या मशीनवर प्रोग्रॅम उतरवला, चित्र दाबलं. काहीच नाही.

"ताई, आवाज येत नाहीये."

"स्पीकर बघ रे आधी."

"स्पीकर ठीक आहे. फोल्डरच नाही."

ताईंनी जुनं मशीन छातीशी ओढलं. "याला हात लावू नकोस."

फोल्डर कोणी अडवला, असं त्यांनी गिटला विचारलं. गिटने माझं नाव सांगितलं, ओळ चौतिसावी.

"माझीच ती," दाढीवाला पुटपुटला.

"मग उभा काय राहिलास? खुर्ची ओढ."

त्यांनी तळाशी अपवाद लिहिला, आतल्या फिती येऊ द्या. मला जमेना. ज्या फोल्डरात पाऊलच टाकायचं नाही, त्याच्या आतलं मी कसं सोडू? शेवटी दाढीवाल्याने तो अपवाद खोडला आणि मूळ ओळच बदलली, फक्त चाचणीतला आवाज वगळा. फिती पोहोचल्या. त्याने चित्र दाबलं, आणि नव्या मशीनमधून वडील म्हणाले, "अगं, जेवलीस का?"

"हो बाबा," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, एखादी गोष्ट वगळताना तिचं कारणही लिहून ठेवा, आणि अधूनमधून ते वाचत जा. दाढीवाल्याने त्या दिवशी चौतिसाव्या ओळीच्या डोक्यावर लिहिलं, 'चाचणीच्या फिती फार जड, म्हणून वगळल्या. शंका आली तर मला विचारा.' गिट अशी ओळ वाचत नाही, ती हुकूम नसते. माझ्या पोटातली ती पहिलीच ओळ, जी कोणाला अडवत नाही. मी ती रोज वाचते.