तीनदा निरोप

नितेशनं घरून निघताना आईला तीनदा ओवाळायला लावलं आणि तिथंच दुर्गाबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

पहिल्या वेळी सगळं रीतसर झालं होतं. लष्कराच्या लिलावात निघालेली ती जुनी हिरवी गाडी अंगणात उभी होती. उंच, जाड टायरांची, चारही चाकांनी ओढणारी. नितेशचे वडील भगवंतराव तिला रणगाडा म्हणत. नितेशला त्याचा राग येत नसे, उलट आपल्या यूट्यूब चॅनेलवर त्यानं तेच नाव लावलं होतं. दुर्गाबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, समोरच्या बंपरला लिंबू-मिरचीची माळ बांधली, नारळ फोडला, लेकाच्या आणि सुनेच्या, आचलच्या, हातावर दही-साखर ठेवली. "येतो आई," नितेश म्हणाला. गाडी फाटकाबाहेर गेली, दुर्गाबाईंनी पदर डोळ्याला लावला, आणि तेवढ्यात गाडी उलट्या पावली अंगणात हजर.

"आई, पुन्हा एकदा. कॅमेराच चालू नव्हता झाला."

दुसऱ्या वेळी शेजारच्या माणिकबाईंची बकरी मधे आली. तिसऱ्या वेळी कुठं साहेबांच्या मनासारखं जमलं. फुटलेला नारळ दोन्ही हातांनी जुळवून धरायचा आणि फोडल्यासारखं करायचं, म्हणजे पुढचं आचलचा भाऊ किशोर व्हिडिओत कापून घेईल, असं ठरलं. दुर्गाबाईंनी तेही केलं. लेकापुढे कोणत्या आईचं चाललंय? पण या घोळात नितेश 'येतो' म्हणायचं विसरला. "चल आई, जातो," म्हणाला आणि गेला.

"जातो म्हणाला तो," दुर्गाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"तीनदा निंगाला, दमला असंल," भगवंतराव म्हणाले आणि दह्याची वाटी बोटानं पुसून खाल्ली.

जायचं होतं राजस्थानात, जैसलमेरच्याही पलीकडं, डांबरी सोडून थेट वाळूतून. वाटेत जे दिसेल ते टिपायचं आणि रोज एक व्हिडिओ लोकांना दाखवायचा. गाडी नितेश चालवणार, कॅमेरा आचल धरणार. किशोर अकोल्याला बसून, आलेले तुकडे कापून जोडून रोज सकाळी व्हिडिओ टाकणार. दुर्गाबाईंचं मत असं की हे सगळं खूळ सुनेचं. आपला पोरगा साधा, कॅमेरा आला तो तिच्या माहेराहून, अकोल्याहून. हे त्या तोंडानं कधी बोलल्या नाहीत, पण भांडी जरा आपटून ठेवत.

त्यांच्या भातकुली गावात बोअरला खारं पाणी. गोड्या पाण्याची किंमत या पट्ट्यातल्या बाईला कुणी शिकवावी लागत नाही. म्हणून नितेश नको नको म्हणत असताना त्यांनी गोड्या पाण्याच्या दोन जादा कॅन गाडीत कोंबल्या होत्या. पहिल्याच व्हिडिओत पोरानं जगापुढं त्याची टिंगल केली. "मित्रांनो, आमच्या आईला वाटतं राजस्थानात दुकानंच नाहीत," असं म्हणून कॅनवर थाप मारून दाखवली. भगवंतराव खो खो हसले. दुर्गाबाई हसल्या नाहीत, कारण त्यांचं लक्ष बंपरकडं होतं.

दुर्गाबाई व्हिडिओ पाहत त्या फक्त माळेसाठी. वाळूचे डोंगर, उंट, सूर्यास्त, नितेशची बडबड, यातलं काही त्यांच्या डोक्यात शिरत नसे. आचलजवळ त्यांनी दुसरी माळ ओल्या फडक्यात गुंडाळून देऊन ठेवली होती आणि बजावलं होतं, "शनिवारी बदलवजो." पहिली माळ लाल दोऱ्यात ओवलेली. लाल रीळ तिथंच संपलं म्हणून दुसरी निळ्या दोऱ्यात. पहिला आठवडाभर लाल दोरा दिसत राहिला, मिरच्या सुकत गेल्या. मग सोमवारच्या व्हिडिओत निळा दोरा आणि टवटवीत लिंबू दिसलं, तेव्हा दुर्गाबाईंना सुनेबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. पोरीनं शब्द पाळला होता.

फोन मात्र लागत नव्हता. सोमवारपासून तीच ती बाई सांगत होती की संपर्क होऊ शकत नाही.

"वाळवंटात टावर कुठून आणू?" भगवंतराव म्हणत. "रोज पोट्टं दिसून राह्यलं ना तुले? हसते, बोलते. आणखी काय पायजे?"

खरंच, आणखी काय पाहिजे? माणिकबाईसुद्धा फाटकातून ओरडून सांगत, "पाह्यला वो तुमचा नितेश, उंटावर बसला होता!" सारं गाव त्याला रोज पाहत होतं. दुर्गाबाईंचा जीव रोज सकाळी तेवढ्यापुरता भांड्यात पडे आणि दुपारपर्यंत पुन्हा टांगणीला लागे.

शुक्रवारी सकाळी चहा घेताना भगवंतरावांनी व्हिडिओ लावला. रणगाडा एका टेकाडावरून डुलत खाली उतरत होता. दुर्गाबाईंच्या हातातली बशी कलली आणि चहा मांडीवर सांडला.

"थांबवा. मागं घ्या. गाडीचं तोंड दिसते तिथी."

भगवंतरावांनी थांबवलं. बंपरला माळ होती. दोरा लाल होता.

"लाल हाय," त्या म्हणाल्या. "काल निळा होता."

"मंग? बदलवली असंल."

"निळी काढून जुनी सुकेल माळ कोणी परत बांधते का? ती तर फेकून देल्ली असंल. हा व्हिडिओ आजचा नाई. मांगच्या हप्त्यातला हाय."

  भगवंतरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोरा लालच होता. मग दुर्गाबाईंनी किशोरला फोन लावायला सांगितलं.

"काकू, सगळं ओके हाय ना," किशोर म्हणाला. "आजचा व्हिडिओ पाह्यला ना तुमी?"

"पाह्यला. कोणत्या दिवसाचा हाय तो?"

 पलीकडून "आवाज तुटून राह्यला काकू" असं काहीतरी ऐकू आलं आणि फोन बंद झाला.  आवाज तुटत नव्हता. त्या पोराचा श्वाससुद्धा त्यांना ऐकू आला होता.

त्या नेसत्या लुगड्यानिशी निघाल्या. अमरावतीहून अकोल्याची बस मिळाली. भगवंतरावांना खिडकीत बसून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायची जन्माची खोड. बारशाला निघालेले असोत की मयतीला, ते वाचणारच. "श्री गजानन कृषी केंद्र. खते, बियाणे. वळण, वाहने हळू चालवा. दीपक टायर, पंक्चर काढून मिळेल."

"चूप बसा ना हो," दुर्गाबाई कळवळून म्हणाल्या. "माहा जीव चालला इथी."

भगवंतराव चूप बसले, पण ओठ हलतच राहिले. मूर्तिजापूर गेल्यावर दुर्गाबाईंच्या लक्षात आलं की ते मागं गेलेल्या पाट्याच पुन्हा पुटपुटताहेत. माणूस घाबरलाय, वाचल्याशिवाय त्याला बसवत नाही. मग त्यांनी नवऱ्याला वाचू दिलं.

किशोर जठारपेठेत एका खोलीत राहत होता. दार उघडलं तेव्हा दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. दुर्गाबाईंना पाहून तो कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत मटकन बसला आणि न विचारता सांगायला लागला. रविवारी शेवटचे तुकडे आले होते. पुढं तीन दिवस रेंज नाही, बुधवारी परत येतो, तोवर चॅनेलवर खाडा पडू देऊ नको, असं जिजूंनी सांगितलं होतं. गुरुवारपर्यंत त्यानं तेच पुरवून टाकलं. ते संपलं तेव्हा मागचं उरलंसुरलं जोडून टाकलं.

"बुधवारचा आज शुक्रवार झाला!" भगवंतराव ओरडले. "कोणाले सांगतलं काहून नाई?"

"काय सांगू काकाजी? पोलीस म्हणतील, सकाळीच तर व्हिडिओ आला. अन् खरं सांगू का," किशोरनं कॉम्प्युटरकडं पाहिलं, "सकाळी टाकला का मलेच वाटे, ते हायेत. नाई टाकला, तं मंग नाईतच."

दुर्गाबाईंना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यावर हात ठेवावासाही वाटत होता. यातलं काहीच न करता त्या म्हणाल्या, "रविवारचं दाखव. तू कापून टाकलं तेसुद्धा. सारं."

किशोरनं लावलं. वाळूच्या तोंडाशी एक विटांचं दुकान, पुढं रणगाडा, त्याला टेकून नितेश. "तर मित्रांनो, इथून पुढं रस्ता संपतो," तो ऐटीत सांगत होता. एवढं गावानंही पाहिलं होतं. पण पाहिलेलं संपलं तरी चित्र चालूच राहिलं आणि कॅमेऱ्यामागून आचलचा आवाज आला.

"नितेश, मागच्या चाकातून आवाज येऊन राह्यला. मले भेव वाटते. परत फिरू ना आपण."

नितेश हसला. "किशोर, हे कापजो बावा. आचल, चल, पुन्हा एकदा."

आणि तो पुन्हा तसाच टेकला, तसाच हसला. "तर मित्रांनो, इथून पुढं रस्ता संपतो." कॅमेरा जरासा हलत होता.  आजवर ज्या पोरीच्या नावानं भांडी आपटली, ती परत फिरू म्हणत होती, आणि पुढं नेणारा आपल्या पोटचा होता. त्यांना आवरलं नाही. त्या तोंडावर पदर दाबून रडायला लागल्या.

शेजारी भगवंतराव पुटपुटत होते. "किराना एवं जनरल स्टोर. ठंडा पानी, मोबाइल रिचार्ज. संपर्क करें. नौ, चार, एक…"

किशोरनं मान वळवली. दुर्गाबाईंचं रडणं थांबलं. नितेशच्या खांद्यामागं दुकानाची रंगवलेली पाटी होती. दोन आकडे त्याच्या डोक्याआड गेले होते. "पुढं घे," भगवंतराव ओरडले, "हलू दे त्याले!" दुसऱ्या वेळी सांगताना नितेश जरा डावीकडं सरकला होता. पुन्हा एकदा केलं नसतं तर ते आकडे दिसलेच नसते.

भगवंतरावांनी नंबर लावला. दुकानदारानं उचलला.

"वो हरी गाड़ी वाले?" तो म्हणाला. "मैंने तो मना किया था, आगे मत जाओ. पर आप फिकर क्यों करते हो? मैं रोज उनका वीडियो देखता हूँ. आज सुबह भी आया."

"वो पुराना है भाऊ!" भगवंतरावांना भाषा सुचेना. "पुराना है वो! लडका आया नहीं हमारा!"

 पलीकडच्या माणसानं फोन कानाला तसाच ठेवून कुणाकुणाला हाका मारल्या. ठाण्याला कळवतो आणि दोन ट्रॅक्टर घेऊन आत जातो, एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

नंतरची दुपार कशी गेली ते त्या तिघांनाच माहीत. किशोरनं भात लावला, कुणी जेवलं नाही. भगवंतरावांनी खोलीतल्या कॅलेंडरवरचं छापलेलं सारं वाचून काढलं. दुर्गाबाईंच्या मनात एकच घोळत होतं. पहिल्यांदा येतो म्हणाला, दुसऱ्यांदा येतो म्हणाला, आणि तिसऱ्यांदा जातो. देव यातलं कोणतं धरतो? फुटका नारळ जोडून धरताना आपण 'नाही' का म्हटलं नाही? तेवढं एक 'नाही' तोंडातून निघालं असतं तर?

ऊन भिंतीवरून सरकून गेलं तेव्हा फोन वाजला. दुकानदाराचाच नंबर होता, पण आवाज त्याचा नव्हता.

"आई," आचल म्हणाली. घसा पार बसला होता. "आमी हावो, आई. दोघंबी हावो. चाक काढता काढता जॅक सरकला, नितेशच्या पायावर आला. पाय मोडला, गाडीबी अडकली. मी यायले सोडून कुठी गेली नाई." मग ती रडायला लागली. "बाकी पाणी संपलं होतं. तुमच्या कॅन होत्या म्हणून…"

दुर्गाबाईंना पुढचं ऐकू आलं नाही. "माय माही," एवढंच त्या म्हणत राहिल्या. हे त्या पहिल्यांदाच सुनेला म्हणत होत्या.

पाय जुळवायला तिकडंच दवाखान्यात राहावं लागलं. रणगाडा वाळूतच राहिला. बडनेऱ्याला रेल्वेतून उतरून दोघं भातकुलीला आली, तेव्हा नितेशच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर, काखेत कुबड्या. फाटकाशी माणिकबाई आणि निम्मी आळी जमली होती. किशोर अकोल्याहून आला होता. सवयीनं त्याचा हात फोनकडं गेला आणि मधेच थांबला.

"काकू, घेऊ का?"

"घे," दुर्गाबाई म्हणाल्या. "पण यातलं काही कापू नोको."

त्यांनी भाकरीचा तुकडा दोघांवरून ओवाळून बाहेर टाकला, पायांवर पाणी घातलं, प्लास्टर तेवढं वाचवून. नितेश उंबरा ओलांडून आत आला. दमून घामाघूम झाला होता. तो खाटेकडं वळला तशा दुर्गाबाई आडव्या आल्या.

"मांगं जा. फाटकापर्यंत."

"आई?"

"तीनदा गेल्ता तू. एकडाव आल्यानं कसं होईल? तीनदा ये."

लोक हसले. माणिकबाई म्हणाल्या, "अवो, पाय पाहा पोराचा!" नितेशनं आशेनं बापाकडं पाहिलं. एरवी असल्या वेळी भगवंतरावांना थट्टा सुचल्याशिवाय राहत नसे. ते नुसते बाजूला झाले आणि त्यांनी पोराला वाट करून दिली.

नितेश कुबड्या टेकत फाटकापर्यंत गेला, आचल त्याच्या दंडाला धरून. परत आले. पुन्हा तुकडा, पुन्हा पाणी. पुन्हा गेले. तोवर हसणं थांबलं होतं. तिसऱ्यांदा येताना त्याच्या कुबड्या अडखळायला लागल्या, तरी दुर्गाबाई दारातून हलल्या नाहीत. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. तो उंबऱ्याच्या आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"आलो आई," तो म्हणाला. मग तिच्या तोंडाकडं पाहून त्यानं लहान आवाजात विचारलं, "पुन्हा एकदा?"

"नाई रे बापा," दुर्गाबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. "झालं आता."