डावं दार

उंदीर पुन्हा डाव्याच दाराशी गेला. त्या दारामागे खाऊ नव्हता, गेला आठवडाभर नव्हता, आणि ही गोष्ट त्याच्याइतकी अनुभवाने कुणाला माहीत असणं शक्य नव्हतं. तरी त्याने दाराला नाक लावलं, थोडी वाट पाहिली, एक चक्कर मारली आणि पुन्हा तेच दार गाठलं. पेटीशेजारी स्टुलावर बसलेल्या ठकीने समाधानाने मान डोलावली आणि संगणकावर खूण केली. दुसऱ्याच्या हट्टाने आनंद होणारी माणसं जगात थोडी. ठकी त्यांतली एक होती.

ठकी हे तिचं घरचं नाव. पण घरून फोन आला की आत्याचा आवाज प्रयोगशाळेच्या चारी भिंतींना ऐकू जाई, त्यामुळे पहिल्याच वर्षी ती सगळ्यांचीच ठकी झाली. मेंदूविज्ञानात ती डॉक्टरेट करत होती, तीही जनुकांच्या अंगाने. प्रबंधाचं नाव लांबलचक आणि भारदस्त होतं, पण सगळे त्याला ‘हट्टाचं जनुक’ म्हणत. पेटीला दोन दारं. आधी खाऊ डाव्या दारामागे ठेवायचा, उंदराला त्याची सवय लागू द्यायची आणि मग तो गुपचूप उजव्या दारामागे हलवायचा. साधा उंदीर दोनचारदा फसतो आणि शहाणा होतो. ठकीच्या खास उंदरांमध्ये मात्र एक जनुक बंद केलेलं होतं, आणि त्यांना शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ते डावीकडेच जात. आईबाप तसे, पिल्लं तशी, पिल्लांची पिल्लं तशी. आलेख इतका सुरेख यायचा की ठकीने तो टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवून ठेवला होता.

घरी या संशोधनाबद्दल दोन ठाम मतं होती आणि दोन्ही एकाच दिवाणखान्यात राहत. आईने जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं. तिच्या मते पोरीचा हट्ट हा आपल्या माहेरचा. माहेरचं भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास पुढे होतं आणि ते मागे करायला तिची आई कधी तयार झाली नाही. घड्याळ बरोबर आहे, लोक मागे आहेत, असं म्हणून तिने सगळ्या घराला आयुष्यभर अर्धा तास आधी उठवलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती टेलिफोन ऑपरेटर होती, आणि निवृत्त झाल्यावरही दुसऱ्याचे फोन ऐकायची सवय तिला सुटली नव्हती. तिच्या मते घड्याळ दुरुस्त न करणं हा नुसता आळस. खरा हट्ट तिच्या वडिलांचा. त्यांनी एक नंबर लहान बूट विकत आणले आणि चूक कबूल करण्याऐवजी ते झिजेपर्यंत घातले.

‘खाण तशी माती’ असं म्हणून आत्या विषय संपवी आणि आई तो लगेच पुन्हा सुरू करी. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांना वेगवेगळं दिसतं हे त्यांना धंद्यामुळे माहीत होतं, म्हणून ते मध्ये पडत नसत.

प्रबंध द्यायची मुदत एकदा वाढवून झाली होती आणि दुसऱ्यांदा ती वाढत नसे. त्याआधीची समितीची शेवटची बैठक तेवढी उरली होती. ठकीने आलेख दाखवले, गाईडने कौतुकाने मान हलवली, एका सदस्याने बिस्किट खाल्लं. तिसरे सदस्य डुलकीसर. पहिल्या वर्षापासून ते प्रत्येक बैठकीला येत, खुर्चीत नीट बसत आणि झोपत. त्यांना आज जाग आली.

"ही पिल्लं वाढवली कुणी?" त्यांनी विचारलं.

ठकीला आधी प्रश्नच कळला नाही. "कुणी म्हणजे, त्यांच्या आयांनी, सर."

"आणि त्या आया हट्टी."

"हो, सर."

"मग हट्ट रक्तातून आला की वाढवण्यातून, हे तुम्हाला कसं समजलं?"

बिस्किट खाणारे सदस्य खायचे थांबले. गाईड म्हणाले की हे आपल्या आधीच लक्षात यायला हवं होतं. ‘आपल्या’ हा शब्द त्यांनी मोठ्या मनाने वापरला, पण बघितलं ठकीकडेच. डुलकीसरांचे डोळे तोवर पुन्हा मिटले होते.

ठकी टेबलापाशी येऊन बसली आणि भिंतीवरच्या आलेखाकडे बघत राहिली. ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर एक वेळ चाललं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. कारण ठकी स्वतः तीन महिन्यांची असताना या घरात आली होती. एका संस्थेतून, दुपट्यात गुंडाळलेली, सोबत काही नाही. ही काही लपवलेली गोष्ट नव्हती. बोलायला लागल्यापासून तिला ती ठाऊक होती, शेजाऱ्यांना ठाऊक होती, दूधवाल्याला ठाऊक होती. आई आणि आत्यालाही अर्थातच ठाऊक होती. पण भांडण रंगात आलं की असल्या बारीकसारीक गोष्टी आठवायला वेळ कुणाला असतो? घड्याळ आणि बूट यांपैकी पोर कुणावर गेली, हा वाद त्या दोघी अगदी मनापासून घालत, आणि ठकीला तो लहानपणापासून आवडायचा.

तरी मनातल्या मनात तिला वाटायचं की दोघीही चुकतायत. नाक कुणाचं, केस कुणाचे हे तिला कधी कळणार नव्हतं आणि त्याचं तिला फारसं दुःखही नव्हतं. पण हट्ट आपला आपण आणला, असं तिने ठरवून टाकलं होतं. दुपट्याखेरीज सोबत आणलेली तेवढी एकच वस्तू. हट्टाचं जनुक शोधायला ती का निघाली, हे तिने गाईडला कधी सांगितलं नव्हतं, आणि गाईडनेही विचारलं नव्हतं. आता मुदत डोक्यावर होती, आणि ती वस्तू खरंच आपली आहे का हे उंदरांना विचारायची वेळ आली होती.

उपाय होता, आणि तो प्रत्येक पाठ्यपुस्तकात होता. पिल्लं जन्मली की त्यांची अदलाबदल करायची. हट्टी आईची पिल्लं साध्या आईकडे, साधीची हट्टीकडे. उंदरीण वासावरून आपलं-परकं ओळखते आणि परकं पिल्लू कधी कधी मारूनही टाकते, म्हणून आधी ते पिल्लू नव्या घरट्यातल्या भुशात हलकेच घोळवायचं, तिथला वास त्याच्या अंगाला लागू द्यायचा. ठकीने शेंगदाण्याएवढी ती गुलाबी पिल्लं बोटांनी भुशात घोळवली, नव्या घरट्यात ठेवली आणि श्वास रोखून पिंजऱ्यासमोर बसली. साधी उंदरीण आली. तिने एकेकाला हुंगलं, फार वेळ हुंगलं. मग पहिल्याला मानेपाशी धरून उचललं आणि आपल्या पोटाखाली ओढून घेतलं. ठकीने नाक पुसलं. भुशाने सर्दी होते, असं तिने स्वतःला समजावलं.

पिल्लं मोठी झाली, त्यांना पेटीत सोडलं, आणि निकाल लागला. साध्या आयांनी वाढवलेली पिल्लं दोनचार चकव्यांत उजवीकडे वळली, त्यांच्यात ते जनुक चालू असो की बंद. हट्टी आयांनी वाढवलेली डावीकडेच जात राहिली, मग ती कुणाच्याही पोटची असोत. त्या आया पिल्लांना एकाच कोपऱ्यात नेऊन ठेवत. पिल्लू सरपटत बाहेर आलं की उचलून परत तिथेच. पोरांनी त्यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं होतं. गाईड खूश झाले. हे तर जास्तच चांगलं निघालं, म्हणाले. प्रबंधाचं नाव बदलू, शेवटची दोन प्रकरणं नव्याने लिही, मुदतीत होईल.

एकच पंचाईत होती. साध्या आईकडे वाढलेला, जनुक बंद असलेला एक उंदीर डावीकडेच जात होता. त्याची भावंडं केव्हाच शहाणी झाली होती. आलेखात सगळे ठिपके खाली आणि हा एक वर, एकटा. गाईडने सुचवलं की त्याचे डोळे अधू आहेत का बघ, नाक चोंदलंय का बघ. सबळ कारण सापडलं तर त्याला बाजूला काढता येईल, नाही तर परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवणार. ठकीने सगळं तपासलं. डोळे चांगले, नाक उत्तम, वजन भावंडांपेक्षा जरा जास्तच.

ठकीने घरी फोन केला तेव्हा पलीकडे, नेहमीप्रमाणे, आत्याने तो स्पीकरवर टाकला. ठकीने सगळं समजावून सांगितलं. आवाज शक्य तितका कोरडा ठेवला. हट्ट सोबत येत नाही, वाढवणारीकडून मिळतो, एवढंच तिने शेवटी सांगितलं, आणि ते सांगताना आपल्या हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखं तिला वाटलं.

मग आई म्हणाली, "म्हणजे माझाच. सिद्ध झालं."

"तुझा कसा?" आत्या म्हणाली. "तू सकाळी शाळेत जायचीस ती संध्याकाळी उगवायचीस. दिवसभर पोर कुणाच्या मांडीवर होती?"

"रात्री कोण जागायचं?"

"रात्री ती झोपायची. झोपलेल्या पोराला कसला हट्ट शिकवतेस?"

पुढचं सगळं ठकीला पाठ होतं. घड्याळ आलं, बूट आले. उंदरांनी भांडण मिटवलं नव्हतं; उलट दोघींना नवा दारूगोळा पुरवला होता. मग स्पीकर बंद झाल्याचा खट्ट आवाज आला, दार लोटल्याचा आला, आणि फोनवर बाबा आले.

"ती पिल्लं," ते म्हणाले, "नव्या आईने लगेच घेतली?"

"आधी खूप हुंगलं, बाबा. मग घेतली."

"हं." बाबा म्हणाले. "तू आलीस तेव्हा उलट झालं होतं. आम्ही लगेच घेतलं. तू घेईनास."

ठकीने फोन कानाशी घट्ट धरला.

"दूधच पिईनास. आईने उजव्या हातावर घेतलं, तू तोंड मिटलंस. आत्याने घेतलं, तू तोंड मिटलंस. डॉक्टर म्हणाले, भूक लागली की झक मारत पिईल. नाही प्यायलीस. रडलीसुद्धा नाहीस, नुसती बघत राहिलीस आमच्याकडे. तिसऱ्या दिवशी मी तुला जरा धरलं. मी डावखुरा, माझ्या हातावर तू उलट्या बाजूला आलीस, आणि घटाघटा प्यायलीस. मग त्या दोघी तुला डाव्या हातावर घ्यायला शिकल्या. आत्याचा खांदा अजून दुखतो त्या बाजूचा."

"हे मला कुणी कधी सांगितलं नाही."

"कोण सांगणार?" बाबा म्हणाले. "सांगितलं तर दोघी हरतात. तू नको बोलूस हो काही. चालू दे त्यांचं."

फोन ठेवल्यावर ठकी उगाच हसली, मग तिला रडू आलं, मग पुन्हा हसू आलं. ती उठून उंदरांच्या खोलीत गेली आणि त्या एकट्याला पेटीत सोडलं. तो सरळ डाव्या दाराशी गेला आणि नाक लावून बसला. तिने दाराच्या फटीतून त्याला एक दाणा सारला. शास्त्रात बसणारी गोष्ट नव्हती, पण त्याचे प्रयोग आता संपले होते.

प्रबंधाच्या शेवटच्या परीक्षेला घरचे सगळे आले. मागच्या रांगेत आई, आत्या आणि खबरदारी म्हणून दोघींच्या मध्ये बाबा. ठकीने आलेख दाखवले. गाईडने परोपरीने सांगूनही तो एक ठिपका तिने ठेवला होता, आणि त्याच्यासाठी परिच्छेदभर लांबीचं, तीन शक्यता मांडणारं उत्तर पाठ केलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं. एवढ्यात डुलकीसरांनी डोळे उघडले आणि पडद्याकडे बोट केलं.

"आणि हा एक?"

गाईडने छताकडे पाहिलं. ठकीला पाठ केलेलं उत्तर पहिल्या शब्दापासून आठवत होतं. ते तिने दिलं नाही.

"तो आलाच तसा, सर," ती म्हणाली.

डुलकीसरांनी यावर थोडा विचार केला, पटल्यासारखी मान हलवली आणि डोळे मिटले. मागच्या रांगेत आईने आत्याकडे पाहिलं, आत्याने आईकडे पाहिलं, आणि मग दोघींनी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच एका वेळी, बाबांकडे पाहिलं. बाबा डाव्या हाताने चष्मा पुसत होते.