सातविणीच्या टेपाडावरचा तिसरा बार

मी परकारांची दुनळी बोलतेय. दोन नळ्या, दोन घोडे, अक्रोडाचा दस्ता, वय पस्तिशीच्या पुढं. सध्या मुक्काम दुबईत, देरा भागातल्या एका खोलीत, खिडकीपासून लांबच्या भिंतीवर. लांब अशासाठी, की इथली खाडीवरची हवा खारट. लोखंडाला ती आठ दिवसांत खाते.

माझा जन्म विलायतेतला. मुंबईच्या एका दुकानात काचेमागं उभी होते, तिथून जमाल परकारांनी मला परवान्यावर घेतलं. ते आगबोटीवर इंजिनात कामाला होते. रजा मिळाली की मला खांद्याला लावून गावी जायचे. गाव तांबडीकोंड, बाणकोटच्या खाडीच्या काठचं. खाली माड, वर डोंगर, आणि डोंगरात डुकरं इतकी की नाचणीचं एक कणीस हाताला लागू द्यायची नाहीत.

जमालभाई आले की गावाला हुरूप यायचा. मुसलमान मोहल्ल्यातले नेमबाज आणि कुणबीवाडीतले हाकारे मिळून रान उठवायचे. मटणाचे वाटे कुणबीवाडीत घरटी जायचे आणि जे खात नसत त्यांच्या शेताची राखण तरी व्हायची. जमालभाईंचा नेम चुकत नाही, असं खाडीच्या दोन्ही काठांवर म्हणत.

मग १९३८ सालचा डिसेंबर आला. सातविणीच्या टेपाडावर पहाटेची शिकार होती आणि दाट धुकं पडलं होतं. डुक्कर करवंदीच्या जाळीतून सुटलं. जमालभाईंनी माझे दोन्ही बार टाकले, एकामागून एक. दुसऱ्या बाराच्याच क्षणी खालच्या अंगाला कुणाचा तरी तिसरा बार उडाला. आवाजात आवाज मिसळला. डुक्कर कोसळलं आणि त्याच्या पलीकडं एक माणूस ओरडला. तो यूनुस होता, हाकाऱ्यांच्या पुढं आलेला. मांडीत शिसं घुसलं होतं.

माझे दोन्ही बार डुकराच्या अंगात होते. हे मला माहीत होतं. पण बंदुकीला साक्षीला कोण बोलावतं? लोकांनी दोनच आवाज मोजले. जमालभाई मटकन खाली बसले आणि म्हणाले, "माझ्याच हातून झालं."

कुणी त्यांना शिवी दिली नाही. पण यूनुसचा पाय कायमचा अधू झाला, तीन लेकरांचा बाप काठीवर आला, आणि जमालभाईंना त्याच्या दारावरून जाणं जमेना. आठवड्यात ते बायकोला, मरियमबीला, घेऊन मुंबईला निघून गेले, ते पुढं कित्येक वर्षं गावी परतले नाहीत. मागं गावात गोष्ट वाढत गेली. जमाल नशेत होता, जमाल पळाला, असं काहीबाही.

मुंबईत डोंगरीतल्या घरी, तिसऱ्या माळ्यावर, मी पेटीत पडून राहिले. वर्षातून एकदा परवान्यासाठी मला बाहेर काढत, तेल लावत आणि पुन्हा गुंडाळत. जमालभाई माझ्याकडं बघत नसत. मला विकतही नसत.

त्यांचा मुलगा मोहिद्दीन तिथंच वाढला. बापानं त्याला गाव कधी दाखवलं नाही, पण गावच्या रानाच्या गोष्टी सांगितल्या. कुठलं टेपाड कसं दिसतं, कुठं ओढा वळतो, कुठं डुक्कर पाण्याला येतं, सगळं. अपघाताची गोष्ट मात्र आईनं सांगितली, आणि वर बजावलं, "बाहेर कुणाला गाव सांगू नकोस. ऐकून घ्यावं लागेल."

पोरगा मेकॅनिक झाला, हौसेनं रायफल क्लबात नेमबाजी शिकला, आणि १९६४ साली दुबईला नोकरी लागली तेव्हा बापाकडून मला मागून घेतलं. जमालभाई एवढंच म्हणाले, "ने. इथं गंजतेच आहे." कागदपत्रं झाली, आणि कातडी पेटीतून मी समुद्र ओलांडला.

दुबई तेव्हा लहान होती. खाडीत लाकडी गलबतं, काठावर गोदामं, वारा घरात ओढणारे बुरूज असलेली घरं, आणि गावाबाहेर पाऊल टाकलं की वाळू. मोहिद्दीन लाँचची इंजिनं दुरुस्त करायचा. तिथंच त्याची गाठ हमदुल्ला नाखव्याशी पडली. पंचेचाळिशीचा, रुंद छातीचा, एका अरबाची लाँच चालवणारा माणूस. कोकणातून आलेल्या पोरांची मेस तोच चालवायचा, आजारी पडलं तर डॉक्टरकडं तोच न्यायचा.

"शिकारीचा शौक आहे का?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं. "थंडीत दर जुम्म्याला आम्ही अवीरच्या बाजूला, वाळवंटात जातो. कंपनीची जुनी लँडरोव्हर मिळते. ससे असतात, नाही मिळाले तर डब्यांवर नेम."

"येतो की," मोहिद्दीन म्हणाला.

"गाव कुठलं?"

"मुंबई."

"मुंबई हे काय गाव झालं? आम्ही सगळे बाणकोट खाडीचे." मोहिद्दीन हसला आणि आडनावही न सांगता इंजिनात डोकं घातलं.

असा तो त्या टोळीत शिरला. सात-आठ जण होते. त्यात दाऊद नावाचा टायपिस्ट होता, ज्याला नेम सोडून सगळं जमायचं. मोहिद्दीनचा हात बापावर गेला होता. पहिल्याच फेरीत त्यानं दोन ससे पाडले तेव्हा दाऊद म्हणाला, "मुंबईकर, तू ऑफिसात असतास तर मॅनेजर झाला असतास. यल्ला, चल, आता मला शिकव."

त्या वाळवंटात मी पुन्हा जिवंत झाले. पण माझा मालक रोज थोडा थोडा गुदमरत होता. चहाच्या वेळी ही माणसं आपल्या खाडीबद्दल बोलायची, तो सगळं ओळखत असायचा, आणि गप्प राहायचा. एकदा कुणीतरी म्हणालं, "आमच्याकडं एक परकार होता, भारी नेमबाज, माणूस जखमी करून पळाला." मोहिद्दीननं कप खाली ठेवला आणि उगाचच माझ्या नळीत गज फिरवत बसला. हमदुल्लानं त्याच वेळी विषय बदलला. ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या थंडीत, १९६५च्या डिसेंबरात, एका सकाळी आम्ही घाफच्या झाडांजवळ उतरलो. समोर एक वाळूचा उंचवटा होता, एका अंगाला तुटलेला, माथ्यावर एकच झाड. मोहिद्दीन बघतच राहिला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "हे तर सातविणीचं टेपाड. खाली ओढा तेवढा नाही."

सगळे थांबले. सातविणीचं टेपाड नकाशात नाही, पुस्तकात नाही. तांबडीकोंडात रान तुडवलेल्या माणसालाच ते ठाऊक.

दाऊदनं विचारलं, "तुला कसं माहीत? तू कधी आलास आमच्या गावी?"

मोहिद्दीनचा घाम माझ्या दस्त्याला लागला. क्षणभर वाटलं, हा काहीतरी थाप मारेल. पण तो सरळ उभा राहिला. "मी जमाल परकारांचा मुलगा. मीही तांबडीकोंडचाच. आता काय म्हणायचं ते म्हणा, पण तोंडावर म्हणा. माझा बाप नशेत नव्हता. त्याच्या हातून चूक झाली, तिच्यापायी त्यानं सगळं सोडलं."

हमदुल्ला वाळूत खाली बसला.

"चूक झाली नाही त्यांच्या हातून," तो म्हणाला. "तिसरा बार माझा होता."

सत्तावीस वर्षं मला हे माहीत होतं आणि माणसाच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकत होते.

हमदुल्ला मान खाली घालून सांगत गेला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. मामाची ठासणीची बंदूक, परवाना नाही, कुणाला न विचारता खालच्या अंगाला दबा धरून बसलेला. छर्रे नव्हते म्हणून मासळीच्या जाळ्याचं शिसं तोडून भरलेलं. धुक्यात काळं हललं, त्यानं बार टाकला आणि पळाला. पुढं हकिमानं यूनुसच्या मांडीतून तुकडे काढले. यूनुसनं ते तळहातावर ठेवून दाखवले. जाळ्याचं शिसं होतं ते. जमालभाई विकतची काडतुसं वापरायचे, त्यांचे छर्रे गोल. यूनुसला फरक कळला नाही, हमदुल्लाला कळला.

"मग बोलला का नाहीत?" मोहिद्दीननं विचारलं.

"पहिल्या दिवशी तुरुंगाची भीती. दुसऱ्या दिवशी जमालभाईंनी स्वतःवर घेतलं होतं. मग ते गेले. मग एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. जितकं लांबलं तितकं जड झालं."

मोहिद्दीन मला खांद्याला लावून झाडापलीकडं निघून गेला. बराच वेळ तिथं उभा होता. रडलाही असेल, मी फक्त त्याची पाठ ओळखते. परत आला तो ठरवून आला.

"चाचा, मला सांगून काही उपयोग नाही. माझा बाप डोंगरीत बसलाय, त्याला सांगा. आणि ज्या गावानं ऐकलंय त्या गावाला सांगा."

"सांगतो," हमदुल्ला म्हणाला. मग थांबून म्हणाला, "माझ्या रुकय्याचं लग्न यूनुसच्या मुलाशी ठरलंय. उन्हाळ्यात निकाह आहे." एवढं सांगून पुन्हा म्हणाला, "तरी सांगतो."

पुढच्या जुम्म्याला नमाजनंतर मेसमध्ये खाडीकाठची चाळीस माणसं जमली. हमदुल्लानं उभं राहून सगळं सांगितलं. दाऊदनं पत्र टाइप केलं, हमदुल्लानं सही केली, खाली अकरा जणांनी साक्षीच्या सह्या केल्या. एक प्रत गावच्या मशिदीच्या जमातीला, एक जमालभाईंना.

दीड महिना काही उत्तर नाही. हमदुल्ला निम्मा झाला. मोहिद्दीन त्याच्याशी कामापुरतं बोलायचा. मग मुंबईहून तार आली: अब्बा बोटीनं येत आहेत.

मोहिद्दीन मला घेऊन धक्क्यावर गेला. आगबोट बाहेर समुद्रात उभी राहते आणि माणसं लाँचनं खाडीत येतात. ती लाँच योगायोगानं नव्हे, मागून घेऊन, हमदुल्लानं आणली होती. काठाला लागल्यावर त्यानं हात दिला, तो धरून जमालभाई उतरले. पांढरी दाढी, पाठ थोडी वाकलेली. हात देणारा कोण हे त्यांना वाटेतच कळलं होतं, कारण हमदुल्लानं लाँचवर पहिलं वाक्य 'तिसरा बार माझा' हेच उच्चारलं होतं.

मोहिद्दीननं त्यांना मिठी मारली. जमालभाई सांगू लागले, "यूनुस आला होता रे घरी. काठी टेकत तीन जिने चढला. मला गावी घेऊन गेला. मशिदीत पत्र वाचलं, कुणबीवाडीतली माणसंही अंगणात उभी होती. जुने हाकारे. मला पुढं बसवलं."

"आणि यूनुस माझ्यासाठी काय म्हणाला?" हमदुल्लानं मागून विचारलं.

"म्हणाला, त्याला विचारा, पाय माझा गेला, तुझी जीभ कुठं गेली होती?" जमालभाई म्हणाले. "आणि म्हणाला, माझ्या पायाचं मी माफ केलं. जमालभाईंच्या वर्षांचं मी कोण माफ करणार? निकाह होणार की नाही हे त्यांच्या शब्दावर."

सगळे जमालभाईंकडं बघत राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"उद्या जुम्मा ना? मला शिकारीला न्या. मग सांगतो."

दुसऱ्या दिवशी वाळवंटात त्यांनी मला हातात घेतलं. ते हात मी विसरले नव्हते. आता त्यांना कंप होता. दोन काडतुसं भरली. चाळीस पावलांवर दाऊदनं दोन डबे मांडले. जमालभाईंनी दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला, आणि कंप थांबला.

पहिला बार, पहिला डबा. दुसरा बार, दुसरा डबा.

धूर विरेपर्यंत ते तसेच उभे होते. मग मला मधून उघडून रिकामी काडतुसं काढली आणि हमदुल्लाकडं वळले. "दोन बार, दोन डबे. सत्तावीस वर्षं मी माझ्याच नेमावर शंका घेत होतो. तो गुन्हा तुझा मोठा. पण खरं बोलताना तू मुलीचं लग्न पणाला लावलंस, हेही मी बघितलं. लिहा यूनुसला. निकाह ठरल्या दिवशी होईल आणि मुलीच्या वतीनं कबुली देणारा, रुकय्याचा वकील म्हणून मी उभा राहीन."

हमदुल्लानं त्यांचे दोन्ही हात धरले. मोहिद्दीननं पुढं होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चला चाचा, चहा टाका. आज तुमच्या हातचा पिईन." दाऊद सगळ्यांना सांगत सुटला की डबे त्यानं मांडले होते म्हणून नेम लागला.

निकाह झाला. जमालभाई आता तांबडीकोंडातच राहतात. शिकारीच्या दिवसांत सशा-भेकराचा पहिला वाटा त्यांच्या दारी जातो आणि ते तो यूनुसकडं पाठवतात. मोहिद्दीन इथंच आहे, बायको नूरजहाँला घेऊन आला आहे. ती माझ्यावर फडका मारते, पण धाकानं, दुरूनच.

माझ्या दस्त्याला एक चीर गेली आहे, डाव्या घोड्याची कमान सैल झाली आहे. चालायचंच. वाचणाऱ्याकडं माझं एकच मागणं आहे: तुमच्या हातून सुटलेला बार दुसऱ्याच्या नावावर राहू देऊ नका. आमच्यासारख्यांना तोंड नसतं, तुम्हाला आहे.

आज जुम्मा आहे. खाली लँडरोव्हरचा हॉर्न वाजतोय, टोळीत एक नवा माणूस आलाय, महाडकडचा म्हणे, आणि मोहिद्दीन मला उतरवायला येतोय. निघते मी.