दंडात उतरलेला मारुती

शनिवारी सकाळी बूढापारा मोहल्ल्यातल्या ठोंबऱ्यांच्या दारात चपलांचा ढीग पडला होता, आणि आत सुजाताबाई फरशीवरचं तेल पुसत होत्या. तेल ओघळत होतं ते नवऱ्याच्या दंडावरून. रेल्वेतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले वासुदेवराव बाही वर करून खुर्चीत बसले होते. बाया रांगेनं येऊन त्यांच्या उजव्या दंडाला शेंदूर लावत होत्या, वर तेल वाहत होत्या आणि रुईच्या पानांची माळ बांधत होत्या. विदर्भ सोडून या हिंदी मुलखात येऊन पिढ्या झाल्या तरी या मंडळींनी शनिवारचा मारुती सोडला नव्हता. आता देवळापर्यंत जायचे कष्ट तेवढे वाचले होते.

कारण मारुतीच दंडात उतरला होता. वासुदेवरावांनी कोपर वाकवलं की दंडाच्या खालच्या अंगाला चांगला लिंबाएवढा गोळा टरारून वर येई आणि गर्दी "जय बजरंगबली!" म्हणून ओरडे. गोळ्याजवळ निळसर डाग पडला होता. ती म्हणे रामाची सावली.

हे सगळं झटका महाराजांचं देणं. वासुदेवरावांचा खांदा वर्षभर ठणकत होता. महाराजांनी मंत्र पुटपुटत हात धरला आणि असा हिसडा दिला की खांद्यात 'कट्' आवाज झाला. "सुना? साढ़ेसाती टूटी!" महाराज म्हणाले. काही दिवसांत ठणका गेला आणि गोळा आला.

सुजाताबाईंचं घोडं इथंच अडलं होतं. महाराजांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण नवऱ्याचं दुखणं खरंच थांबलं होतं, त्याला काय म्हणायचं? आणि आज तर पाळी यामिनीची होती. पोरगी भालाफेकीत राज्याच्या निवडीपर्यंत पोचली होती, सरावात तिचा खांदा धरला होता, आणि बापानं महाराजांना घरीच बोलावलं होतं.

"पोट्टीचा हात आहे तो. कुठं हिसडे देता?" त्या म्हणाल्या.

"अवं, मले गुण आला ना? मंग तिले काहून नाही येणार?"

"मम्मी, पापा सुन ही नहीं रहे," यामिनी रडकुंडीला आली होती.

सुजाताबाईंनी फडकं टाकलं आणि तडक वरचा मजला गाठला. तिथं भाड्यानं राहणाऱ्या डॉक्टर मंजिरी हाडांच्या सर्जन होत्या. त्यांनी वासुदेवरावांना पूर्वीच तपासून घ्या म्हटलं होतं; पण भाडेकरूला काय तब्येत दाखवायची, म्हणून घरमालक गेले नव्हते.

दोघी खाली आल्या तेव्हा महाराज रंगात आले होते. "बेटी के कंधे में शनि बैठा है! एक झटका, और भाला सीधा गोल्ड मेडल पर!"

"हव महाराज!" गर्दी म्हणाली.

"काका, दोन्ही हात वाकवा बरं," मंजिरी म्हणाल्या. "मारुती एकाच दंडात कसा?"

"दायाँ हाथ गदा का हाथ है!" महाराज गरजले. टाळ्या पडल्या.

"मग बळ पाहू या. एक फळी, एक पेच आणि पेचकस आणा."

वासुदेवराव हसले. सारा जन्म असे स्क्रू पिळण्यात गेलेला. त्यांनी ऐटीत पेच फिरवायला घेतला. पेच अर्धा आत गेला आणि दंडात असा पेटका आला की, "आई गं!" म्हणून त्यांनी पेचकस सोडला. सुजाताबाईंनी पदर खोचला आणि उरलेला पेच मुकाट्यानं पिळून टाकला. मागच्या बाया खुदखुदल्या.

"शक्ति अभी सोई है," महाराज सावरून घेत म्हणाले.

मंजिरींनी खुंटीवरची बाजाराची पिशवी घेतली, तिच्यात बटाटे भरले आणि दोन्ही बंदांनी उचलून धरली. "दंडाचा स्नायू असाच खांद्याला दोन दोऱ्यांनी बांधलेला असतो. काकांची एक दोरी झिजून हाडावर घासत होती, म्हणून खांदा ठणकत होता. महाराजांनी हिसडा दिला..." त्यांनी कात्रीनं एक बंद कापला. पिशवी एका अंगाला कलली आणि सगळे बटाटे खाली गोळा झाले. "कट् वाजली ती दोरी. घासणारं तुटलं, म्हणून ठणका गेला. स्नायू खाली घसरला, तो हा गोळा. आणि निळा डाग म्हणजे आत साकळलेलं रक्त."

मग त्यांनी यामिनीचा खांदा चाचपून, हात फिरवून पाहिला.

"यामिनीची दोरी शाबूत आहे, फक्त सुजली आहे. विश्रांती आणि व्यायामानं बरी होईल. पण हिसडा दिलात तर तीही तुटू शकते, आणि मग निवड विसरा."

"डॉक्टर लोग तो डराएँगे ही!" महाराज म्हणाले.

"मग तुमचा खांदा आणा इकडे. मी तस्साच हिसडा देते. मारुती उतरला तर पहिलं तेल माझं."

महाराजांनी दोन्ही हात शालीखाली घेतले. पंडरी मोहल्ल्यात भक्त खोळंबल्याचं त्यांना एकाएकी आठवलं, आणि ते इतक्या लगबगीनं निघाले की चपला ढिगातच राहिल्या.

वासुदेवरावांचा चेहरा पडला होता. "बाई, मी तुहा हात त्याच्या हाती देऊन राहिलो होतो," ते यामिनीला म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. यामिनी त्यांना बिलगली. सुजाताबाईंना राग आणि दया दोन्ही एकदम आली.

सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं असं नाही, मंजिरी म्हणाल्या. पण काका अजून शिडीवर चढून शेजाऱ्यांचे पंखे दुरुस्त करत होते, आणि स्नायू आखडण्याआधी केलेलं बरं. पुढच्या आठवड्यात त्यांनीच ऑपरेशन केलं; तुटलेलं टोक वर मूळ जागी नेलं नाही. ते जरा खाली, दंडाच्याच हाडात पक्कं बसवलं.

हात झोळीत अडकवून वासुदेवराव घरी आले, तेव्हा शेजारचे शामराव भेटायला आले. "काही म्हणा, महाराजानं तुमचं दुखणं तर थांबवलं होतं!"

वासुदेवराव उसळले. "शामराव, धोक्याची घंटी वाजून राहिली आन् कोणी तिची वायर तोडली, तर कलकलाट थांबते. मंग काय धोका टळला? दुखणं थांबलं म्हणून मी हात जोडले. आत काय झालं, हे इचारलंच नाही. माह्या पोट्टीचा हात जात होता! कोणी चमत्कार दाखवला ना, तर पहिले इचाराचं, नेमकं काय झालं? आन् जो सांगत नाही, त्याच्या हाती आपलं लेकरू द्याचं नाही."

शामराव खुर्ची ओढून जवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "आमच्या नातवाले उद्या त्याच्याकडंच नेणार होतो. गुडघ्यासाठी."

"जिना तिकडं आहे," सुजाताबाई म्हणाल्या. "डॉक्टर घरीच आहेत."