तुलनेचा तुकडा

थोरलीच्या आणि धाकटीच्या जमिनीत एकच बांध होता. वरच्या अंगाला भांड्यांवर मुलामा चढवणारा कारखाना. त्याचं पाणी दोघींच्या शेतात वर्षानुवर्षं मुरलेलं. मातीत शिसं आणि कॅडमियम निघालं, तेव्हा दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

मग सरकारी प्रयोगशाळेतून मातीसाहेब आला. खरं नाव कुणी विचारलंच नाही. तळहातावर काळी पूड घेऊन तो म्हणाला, "भुसा कोंडून जाळला की हा कोळसा होतो. मातीत मिसळला की विष धरून ठेवतो, पिकात चढू देत नाही. तीन वर्षं दोघींनी पालकच लावायचा."

धाकटीच्या तुकड्यात पोत्यांमागून पोती रिकामी झाली. थोरलीकडे नुसती नांगरट.

"आणि माझं?"

"नंबर लागेल, काकू. खोल नांगरटीनंही फरक पडतोच."

थोरली सरळ मनाची. साहेब म्हणाला म्हणजे पडत असेल. तो दर हंगामात दोन्हीकडची पानं पिशवीत भरून न्यायचा. उरलेला पालक थोरलीच्या सुनेच्या हाती जायचा, आणि नात वाटी चाटूनपुसून स्वच्छ करायची.

तिसऱ्या वर्षी सभागृहात पडद्यावर दोन रेघा उमटल्या. एक खाली उतरलेली, एक होती तिथंच. "इथे मुद्दाम काहीच टाकलं नव्हतं," मातीसाहेब काठीने वरची रेघ दाखवत म्हणाला. "तुलनेला एक तुकडा तसाच ठेवावा लागतो." टाळ्या पडल्या. थोरलीने वळून पाहिलं. शेजारी धाकटी मान खाली घालून बसली होती.

दाराशी थोरलीने तिला गाठलं. "तुला ठाऊक होतं?"

"त्यांनी नाणं उडवलं होतं, जाऊबाई. कौल माझ्या बाजूने पडला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पालक लावलाच नसता, आणि माझ्या शेतातलंही काम बंद पडलं असतं."

"आणि माझी नात?"

धाकटी पदर सावरत गर्दीत मिसळली.

दुसऱ्या दिवशी थोरली पालकाची जुडी घेऊन कचेरीत गेली.

"काकू, तुमच्यामुळेच तर सिद्ध झालं!" मातीसाहेब मनापासून म्हणाला.

"मग आता माझ्याकडे टाका."

"प्रकल्प संपला हो. नवा मंजूर झाला तर बघू."

थोरलीने जुडी टेबलावर ठेवली. "मग ही घरी न्या. लेकरांना करून घाला."

त्याने पानांकडे पाहिलं आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतले. ती तिथून हलली नाही. शेवटी शिपायाने तिला बाहेरची वाट दाखवली.

नातीच्या रक्तात शिसं निघालं. थोडंच आहे, लक्ष ठेवू, असं डॉक्टर म्हणाले. थोरली आता पत्र्याच्या पिंपात स्वतःच भुसा जाळते. धुराने डोळे चुरचुरतात, आणि हंगामभर राबून जेमतेम एका वाफ्यापुरता कोळसा होतो. घरातली पालेभाजी बाजारातून येते. ती कुणाच्या शेतातली, हे थोरली भाजीवालीला विचारत नाही.