पिवळा गजर

मिचिरूने आईच्या शिवणाच्या डब्यातून दोरी ओढली की वाजणारा पिवळा गजर बाहेर काढला. दोरीला चिठ्ठी बांधलेली होती : 'कोनात्सूच्या दप्तराला'. अक्षर आईचं, आजारपणातलं, खाली घसरत गेलेलं. आई गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी आटोपून, अस्थी पुरून सगळे दुपारीच घरी परतले होते.

"हे काय?" तिच्या मुलीने, कोनात्सूने विचारलं. वसंतात ती पहिलीत जाणार होती.

"माझ्या शाळेच्या वेळचा. आजीने तुझ्यासाठी नवा सेल घालून ठेवलाय. रस्त्यात कुणी अनोळखी माणूस जवळ आला, की दोरी ओढायची."

"आणि घरी?"

मिचिरू अंगठ्याने गजरावरचा ओरखडा चोळत राहिली. "घरी आलं, की दप्तर उतरवून ठेवायचं. आजी तसं सांगायची."

तोकुजीमामा खांद्यावर टॉवेल टाकून दारात आले. आईचे थोरले भाऊ. आज रात्री मामा-मामींचा मुक्काम इथेच होता.

"पाणी तापलंय. चल गं कोनात्सू, म्हाताऱ्याची पाठ चोळून दे. तुझी मामीआजी दहा वर्षं संपावर आहे."

"पगार वाढवा, मग बघू," स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या. "जा गं बाळा."

कोनात्सू उठली. मिचिरूने तिचं मनगट धरलं.

"ती माझ्याबरोबर करेल अंघोळ."

"अगं, एवढं काय त्यात?" मामी हात पुसत बाहेर आल्या. "हे काय परके आहेत? लहानपणी तुलाही हेच न्यायचे की."

"म्हणूनच," मिचिरू म्हणाली.

मामा टॉवेलची घडी घालू लागले. घडी जमेना. मग ते एकटेच आत गेले आणि न्हाणीघराचं दार सरकलं.

मामी आईच्या फोटोसमोर बसल्या. राख झालेली उदबत्ती बदलायला हात पुढे केला, तो तसाच राहिला. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

"हिला माहीत होतं?" त्यांनी फोटोकडे पाहत विचारलं.

"नाही. मी जिन्याशी दप्तर उतरवलं, की ती निश्चिंत व्हायची."



मिचिरूने चिठ्ठी सोडवून स्वतःच्या खिशात ठेवली आणि गजर कोनात्सूच्या कमरपट्ट्याला अडकवला.

"आपण तर घरात आहोत," कोनात्सू म्हणाली.

"घरातही वाजवायचा. माणूस ओळखीचा असला तरी. ओढून बघ."

कोनात्सूने आधी मामीआजीकडे पाहिलं, मग दोरी ओढली. कर्कश आवाज घरभर घुमला. न्हाणीघरातलं पाणी थांबलं.

शेजाऱ्यांच्या बाजूची खिडकी उघडी होती. ती लावायला मामी सवयीने उठल्या, तावदानावर हात ठेवून काही वेळ उभ्या राहिल्या. मग खिडकी तशीच ठेवून, परत येऊन कोनात्सूशेजारी बसल्या.