गेलनची पाळी

आमच्या भागात रिवाज आहे. सोमवारी जो खरेदीदार फीडलॉटवर, म्हणजे कत्तलीआधी बैल पोसायच्या वाडग्यांवर, येऊन पहिली बोली लावेल, त्याची त्या आठवड्याची पाळी. मग मालकाने त्याची बोली दुसऱ्या कुणाला सांगायची नाही आणि दुसऱ्याकडे मागायची नाही. कुठे लिहिलेलं नाही, कुणी सही केलेली नाही. पण माझा भाऊ व्हर्डेल हे सगळं रविवारच्या प्रार्थनेइतकं मनापासून पाळतो. मला मात्र त्या रिवाजाचं नाव काढलं तरी डोक्यात तिडीक जाते.

त्या ऑगस्टमध्ये आमच्या सहा नंबरच्या वाडग्यातले काळे बैल तयार झाले होते. तयार म्हणजे पाठीवर चरबी चढलेले, गव्हाणीपाशी येऊन दोन तोंडं मक्याला लावायचे आणि जाऊन बसायचे. अशी जनावरं त्याच आठवड्यात जावी लागतात. राहिली तर खाऊन फक्त चरबी वाढवतात आणि विकत घेणारी कंपनी त्याचे पैसे कापते. त्यात रेडिओवर सांगत होते, शनिवारपासून उष्म्याची लाट, वारा बिलकुल नाही. नेब्रास्कात भर मक्याच्या दिवसांत वारा पडला की असे जड, काळे बैल उभ्या उभ्या जीभ बाहेर काढतात आणि कोसळतात. पाणी मारून मारून किती मारणार?

हे मला ठाऊक होतं, व्हर्डेलला ठाऊक होतं, आणि गेलनला तर सगळ्यात आधी ठाऊक होतं.

गेलन एका मोठ्या कत्तल कंपनीचा खरेदीदार. सोमवारी सकाळीच आला. गाडीतून उतरला नाही, काच निम्मी खाली केली. आतला गार वारा माझ्या तोंडावर आला.

"काय अर्लिस, अजून नवरा मिळाला नाही वाटतं?"

"मिळाला असता, पण तुझ्यासारखेच सगळे. भाव पाडून मागतात. बोल, काय देतोस?"

त्याने आकडा सांगितला. मागच्या आठवड्यापेक्षा कितीतरी खाली होता.

"शुद्धीवर आहेस का?" मी म्हटलं.

"बाजार पडलाय गं. मी काय करू? घाई नाही माझी. विचार करा शुक्रवारपर्यंत." आभाळाकडे बघून तो हसला. "तुमची घाई असेल तर सांगा."

काच वर गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

व्हर्डेल खुराकाच्या ट्रकखाली झोपून काहीतरी आवळत होता. मी त्याच्या बुटाला लाथ मारली. "बाहेर ये. त्या दुसऱ्या कंपनीच्या रॉइसला फोन लाव. त्याच्या कंपनीला माल कमी पडतोय म्हणतात."

"या आठवड्यात गेलनची पाळी आहे."

"गेलन आपला गळा दाबतोय!"

"अगं, बोली लावलीय त्याने. शुक्रवारपर्यंत थांबायचं. चाळीस वर्षं असंच चाललंय, अर्लिस. माणसाची जबान म्हणून काही असते की नाही?"

"आणि बैल मेले की? त्यांना जबान दाखवणार का?"

तो पुन्हा ट्रकखाली गेला. माझा भाऊ वाईट नाही. तो भला आहे, आणि त्या भलेपणाचाच मला त्या दिवशी सगळ्यात जास्त संताप आला. गेलनसारख्यांचं फावतं ते असल्या भल्या माणसांमुळे.

बुधवारी मी त्याला न विचारता रॉइसला फोन केला. आधी तो हो-हो करत होता. वाडग्याचा नंबर सांगितला तसा अडखळला.

"तिथे गेलन आहे ना?"

"आहे. मग?"

"मग मी कशाला मधे पडू? आज मी त्याच्या पाळीत शिरलो तर उद्या तो माझ्या पाळीत शिरेल. तुम्ही समजून घ्या, बाई."

मी समजून घेतलं. लख्ख समजलं. आम्ही इतकी वर्षं जो शब्द पाळत होतो, तो आमच्यासाठी कधी नव्हताच. ते दोघं आम्हाला वाटून घेत होते आणि वर आमच्याकडूनच इमानदारीची अपेक्षा करत होते. मी फोन इतक्या जोरात आपटला की खिडकीतली मांजर पळाली.

मग मी ट्रक सांगितले. गुरुवारी खुला लिलाव असतो, एका तासाच्या अंतरावर. आमच्यासारख्या मोठ्या फीडलॉटवाल्याने लिलावात माल नेणं म्हणजे गावासमोर खिसे उलटे करून दाखवणं. शिवाय ट्रकमध्ये हलली की जनावरं वजन सोडतात. व्हर्डेल हे सगळं बोलला.

"बाबांनी कधी एक बैल लिलावाच्या रिंगणात उभा केला नाही."

"बाबांच्या वेळी फाटकावर पाच-सहा जण भांडायचे. आता दोन येतात, तेही एकमेकांना विचारून. तिथे सगळ्यांसमोर बोली लागेल. बघू रॉइस कसा गप्प बसतो."

तो खुराक टाकायला निघून गेला. पण सकाळी बैल चढवताना स्वतः उभा राहिला, एकाही जनावराला काठी लावू दिली नाही, आणि शेवटी गाडीत माझ्या शेजारी येऊन बसला.

लिलावाच्या बाकांवर गेलन होता, रॉइसही होता. दोघांच्या मध्ये चार माणसं. रॉइस चिलीत, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्शात, दालचिनीचा गोड रोल बुडवून खात होता. बाकी सगळे एक-दोन बैल नेणारे खाटीक, त्यांना आमचा एवढा माल पेलणारा नव्हता.

बैल रिंगणात आले. बाकांवरून एक-दोन शिट्ट्या आल्या, इतके देखणे होते. लिलाववाल्याने आकडा पुकारला. कुणी नाही. खाली आणला. कुणी नाही. गेलनने सोमवारी सांगितलेल्या आकड्याच्याही खाली गेल्यावर गेलनने एक बोट उचललं.

लिलाववाला घसा फोडून ओरडत राहिला. रॉइसने वाटी चाटूनपुसून साफ केली.

"व्हर्डेल," शेवटी लिलाववाला म्हणाला, "एकच बोली आहे. द्यायचे की परत न्यायचे?"

व्हर्डेल उठला. मला वाटलं, दाराकडे निघाला. तो रॉइसच्या समोर जाऊन उभा राहिला.

"रॉइस, माझ्या बैलांत खोड काय आहे?"

"खोड? छे. यंदा बघितलेल्यांत एक नंबर."

"मग हात का नाही वर गेला?"

रॉइसने इकडेतिकडे बघितलं. "ते गेलनचे आहेत ना."

वरच्या बाकांवरचे खाटीक वळून बघायला लागले.

"अजून माझे आहेत," व्हर्डेल म्हणाला.

मी मनात ओरडत होते, परत ने, परत ने, या हरामखोरांना देऊ नकोस. पण बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. तापलेल्या ट्रकमधून पुन्हा तासभर, आणि पुढे तो शनिवार. माझ्या भावाने रिंगणात धापा टाकणाऱ्या जनावरांकडे बघितलं.

"दे," तो म्हणाला.

बाहेर गाडीपाशी गेलन हात पुढे करून आला. आमच्याकडे सौदा झाला की हात मिळवतात, मग तो कसाही असो. "मनात ठेवू नकोस, व्हर्डेल. धंदा आहे. सोमवारी येतो."

व्हर्डेलने आयुष्यात कुणाचा हात नाकारलेला नाही. त्या दिवशी त्याने दोन्ही हात खिशात घातले.

"ये. पण इथून पुढे बोली माझ्या फाटकावर खडूने लिहायची. नावासकट. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी."

गेलन हसला. मग व्हर्डेल हसत नाही म्हटल्यावर थांबला. "असं कुणी लिहीत नसतं. वेडा आहेस का? एकही खरेदीदार फिरकणार नाही तुझ्याकडे."

"आज तरी किती जणांनी हात वर केला?" माझा भाऊ म्हणाला, आणि गाडीत येऊन बसला.